उडी मारू का? आधी ऑर्डर घ्या, मग बोलू

पत्र: ताई, नमस्कार. मी 39 वर्षांची आहे, गेली 14 वर्षं पॅकेजिंगच्या एका कंपनीत सेल्सला आहे. आमच्याकडे छोट्या ऑनलाइन ब्रँडवाल्यांचे सारखे फोन येतात, त्यांना स्वतःचं नाव छापलेले 100-200 बॉक्स हवे असतात आणि आम्ही नाही म्हणतो, कारण आमची मिनिमम ऑर्डरच 5000 ची. हे काम आपणच करावं असं कधीपासून डोक्यात आहे. प्लॅन असा की पुढच्या महिन्यात राजीनामा, मग लोन काढून मशीन, भाड्याने जागा, कंपनी रजिस्टर, लोगो, वेबसाइट आणि मग एकदम धडाक्यात सुरुवात. बाहेर कुणाला बोलले नाहीये, आयडिया चोरीला जाईल. एक मैत्रीण आहे, ती पैसे घालणार, मी काम करणार, 50-50. भाऊ म्हणतो सुरुवातीला रेट सगळ्यांपेक्षा 10 टक्के कमी ठेव, गिऱ्हाईक आपोआप येतं. नवरा म्हणतो 90 टक्के धंदे पहिल्याच वर्षी बसतात आणि या वयात हे कशाला. तुम्हीच सांगा, उडी मारू का? – काठावरची

उत्तर:

अहो काठावरच्या बाई, पत्र दोनदा वाचलं. त्यात मशीन आहे, लोन आहे, लोगो आहे, मैत्रीण, भाऊ, नवरा सगळे आहेत, फक्त गिऱ्हाईक नाहीये. म्हणजे फोन करणारी माणसं आहेत, पण "हे घ्या पैसे, मला 200 बॉक्स करून द्या" असं म्हणणारं एकही माणूस तुमच्या प्लॅनमध्ये शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाही. आधी कळस मग पाया असं झालंय हे. त्यामुळे उडी मारू का याचं माझं उत्तर आज तरी नाही असं आहे, पण धंदा करू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट तुमची आयडिया मला बरी वाटते, फक्त तुम्ही जी क्रमवारी लावलीय ती उलटी करायची आहे.

आधी घरच्यांनी घातलेली भीती बाजूला काढू, कारण ती डोक्यात असली की पुढचं काही ऐकू येत नाही.

90 टक्के धंदे पहिल्याच वर्षी बंद पडतात हे वाक्य सगळेच म्हणतात, पण आकडे तसं सांगत नाहीत. अमेरिकेतलं सरकारी कामगार सांख्यिकी खातं वर्षानुवर्षं याची मोजदाद ठेवतं, त्यात दिसतं ते असं की नवीन सुरू झालेल्यांपैकी साधारण 20 टक्के पहिल्या वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मे. आता हे एका देशाचं आहे आणि तेही पगारी माणसं ठेवणाऱ्या धंद्यांचं, पण निदान मोजलेलं तरी आहे, 90 टक्केवालं नुसतं तोंडातोंडी फिरतं. शिवाय बंद झालं म्हणजे बुडालं असंही नाही, कुणी धंदा विकतं, कुणी थकून थांबतं, कुणाला बरी नोकरी मिळते. पाच वर्षांत निम्मे जाणं हेही काही कमी नाही म्हणा, तेव्हा यजमानांना गप्प करायला हा आकडा वापरू नका, त्यांची काळजी खरी आहे, आकडा तेवढा चुकीचा आहे.

वयाचं तर उलटंच आहे. 2020 साली पियर आझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या कंपन्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात धंदा सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय निघालं 42, आणि ज्या कंपन्या सगळ्यात वेगाने वाढल्या, म्हणजे हजारात एक अशा, त्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय 45. पन्नाशीतल्या माणसाला अशी मोठी मजल मारण्याची शक्यता तिशीतल्यापेक्षा 1.8 पट निघाली. कॉलेज सोडून धंदा करणाऱ्या पोरांचे फोटो सगळीकडे छापून येतात म्हणून आपल्याला वाटतं धंदा हे पोरांचं काम आहे. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या क्षेत्रात धंदा काढला त्यातच आधी नोकरी केलेल्यांचं पारडं जड असतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच आहे, 14 वर्षं तुम्ही बॉक्स विकताय, कुठला कागद कुठे फाटतो आणि गिऱ्हाईक कशावरून कटकट करतं हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. याचं मोल तुम्ही पत्रात कुठेच धरलेलं नाहीये.

आता राजीनामा. नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही, दोन डगरींवर पाय ठेवणारा बुडतो, असं एक ठाम मत असतं लोकांचं. 2014 मध्ये राफी आणि फेंग या दोघांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, तर आधी नोकरी चालू ठेवून बाजूला धंदा सुरू केलेले आणि मग पूर्णवेळ त्यात आलेले जे होते, त्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होता. कारण साधं आहे, बाजूला करून बघताना कळतं की हे आपल्याला जमतंय का, लोक पैसे देतात का, आणि जमत नसेल तर माणूस गुपचूप थांबतो, त्याचं घर पणाला लागत नाही. नायके नावाची जी बुटांची कंपनी आहे तिचे फिल नाइट यांनी 1964 मध्ये धंदा सुरू केला आणि पूर्णवेळ त्यात उतरले 1969 मध्ये, मधली वर्षं ते अकाउंटंट म्हणून नोकरी करत होते, पुढे कॉलेजात शिकवतही होते. आता असं कुणाला भित्रं म्हणायचं का?

मात्र एक गोष्ट नीट बघा, तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि शांतपणे वाचा. त्यात बाहेर दुसरं काम करायला बंदी आहे का, सोडल्यावर अमुक काळ त्याच क्षेत्रात काम करायचं नाही असं काही आहे का, हे देशादेशाप्रमाणे आणि करारागणिक वेगळं असतं, तेव्हा शंका वाटली तर वकिलाला एकदा दाखवा, ती फी वाचवू नका. आणि कंपनीची कस्टमर लिस्ट, रेटशीट, डिझाइनच्या फाइल्स यातलं काहीही घरी आणायचं नाही, पेनड्राइव्हवर नाही, मेल करून नाही, मोबाईलने फोटो काढून तर नाहीच नाही. डोक्यात जो अनुभव आहे तो तुमचा, कॉम्प्युटरवर आहे ते त्यांचं. ऑफिसच्या वेळेत आपल्या धंद्याचे फोनही घेऊ नका.

आयडिया चोरीला जाण्याचं सांगते. बाई, ही आयडिया तुमच्या कंपनीला आधीच माहीत आहे, फोन त्यांच्याकडेच येतात ना? त्यांना ते काम नकोय. कारण तुम्हाला माहितीच आहे, छपाईची प्लेट, कटिंगचा डाय, मशीन लावायला जाणारा वेळ आणि ते लावताना वाया जाणारा माल हा खर्च 100 बॉक्स केले काय किंवा 5000 केले काय, तेवढाच येतो, म्हणून त्यांना लहान ऑर्डर परवडत नाही. म्हणजे तुमचा धंदा कल्पनेत नाहीये, तो लहान ऑर्डर परवडेल अशा पद्धतीने करून दाखवण्यात आहे, आणि ते चोरणं अवघड असतं कारण ते कष्टाचं असतं. तसंही नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, जगभरच्या देशांनी मान्य केलेल्या ट्रिप्स करारात हे स्पष्ट लिहिलंय की संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. पेटंटसुद्धा नुसतं "असं काहीतरी करावं" याला मिळत नाही.

आणि पहिलं कोण आलं याला आपण समजतो तेवढं महत्त्व नसतं. अल्टाव्हिस्टा नावाचं सर्च इंजिन 1995 मध्ये आलं होतं, गूगल कंपनी निघाली 1998 मध्ये. 1993 साली गोल्डर आणि टेलिस यांनी जुन्या वर्तमानपत्रं-मासिकांतून माग काढत वेगवेगळ्या मालाच्या बाजारांत सगळ्यात आधी उतरलेल्या कंपन्या शोधल्या होत्या, त्यातल्या 47 टक्के टिकल्याच नाहीत. तेव्हा गुप्तता पुरे, आता बोला लोकांशी.

पण काय बोलायचं हे महत्त्वाचं. "मी असे असे बॉक्स करणार आहे, तुम्हाला आवडेल का?" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील, कारण हो म्हणायला काही पडत नाही आणि तुमचं मन मोडायचं नसतं. त्याऐवजी मागचं विचारा. मागच्या वेळी बॉक्स कुठून घेतले, किती घेतले, नग कितीला पडला, किती दिवस लागले, साधा बॉक्स घेऊन वर स्टिकर लावून भागवलं का, त्यात काय बिनसलं. जो माणूस या त्रासापायी कधीच काही शोधायला गेला नाहीये, त्याला तो त्रास नाहीच, तो तुमचं गिऱ्हाईक नाही. स्टिकरवर खूष असलेले बरेच निघतील, मनाची तयारी ठेवा. आणि बोलणं झालं की शेवटी सरळ विचारायचं, "मी 200 नग इतक्या दिवसांत, या रेटने देते, निम्मा अ‍ॅडव्हान्स आज द्याल?" इथे जी शांतता पसरते ना, तीच मार्केट रिसर्च.

अ‍ॅडव्हान्स मिळाला तर? मशीन नाही, काय करायचं? जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन, करून घ्यायचं. डिजिटल छपाई करणारे आहेत, त्यात प्लेटच लागत नाही, कटिंग करून देणारे वेगळे आहेत, 14 वर्षांत तुमची अशांशी ओळख झालेली असणारच. मार्जिन जवळजवळ उरणार नाही, कधी पदरचे थोडे जातील, जाऊ द्या. 1999 मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी ऑनलाइन बूट विकायचे ठरवले तेव्हा त्यांनी गोदाम भरलं नाही, आसपासच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि कुणी ऑर्डर दिली की दुकानातून तो जोड विकत आणून पाठवायचे. त्यात कमाई नव्हती, पण लोक बूट न घालून बघता ऑनलाइन घेतील का या प्रश्नाचं उत्तर मिळालं, त्यातूनच पुढे झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली. तुमच्या पहिल्या दहा-पंधरा ऑर्डरी अशाच करायच्या आहेत, उत्तर विकत घ्यायला.

आणि त्या ऑर्डरींतून तुम्हाला जे कळेल ते मशीनवाल्या सेल्समनने दिलेल्या छापील कागदातून कधी कळणार नाही. डिझाइन फायनल व्हायला किती वेळा बदल होतात, सॅम्पल फुकट मागतात का, 100 नगाच्या मागे तुमचे एकूण किती तास जातात. माझा अंदाज असा आहे की तुमचा खरा खर्च छपाईत नसणार, तो या मागेपुढे करण्यात असणार. मोठ्या ऑर्डरीत पाच फोन 5000 बॉक्सवर वाटले जातात, इथे तेच पाच फोन 100 बॉक्सवर पडतात. हे तास लिहून ठेवा, अगदी रोज, वहीत लिहा नाहीतर मोबाईलवर लिहा. शिवाय डिजिटलचा रेट नग वाढले म्हणून फारसा उतरत नाही, त्यामुळे कुठेतरी एक संख्या अशी येते की तिच्या पुढे प्लेटवालं काम स्वस्त पडतं, ती संख्या 400 आहे की 1500 हे कळल्याशिवाय कुठलं मशीन घ्यायचं हे ठरवताच येणार नाही. कदाचित असंही निघेल की मशीन घ्यायचंच नाहीये, डिझाइन आणि ऑर्डर तुमच्या, छपाई कायम बाहेर.

आता भावाचा सल्ला. हा सगळ्यात गोड वाटतो आणि सगळ्यात जास्त खड्ड्यात घालतो. समजा 100 ला बॉक्स विकला आणि त्यातले 70 माल-छपाई-वाहतुकीत गेले, तर 30 उरले. रेट 10 टक्के उतरवला की 90 मिळाले, खर्च तेवढाच 70, उरले 20. म्हणजे आधीएवढेच पैसे उरायला दीडपट माल विकायला लागणार, दीडपट काम, दीडपट फोन, दीडपट कटकट. सवलत 10 टक्के दिसते आणि नफ्यातला तिसरा हिस्सा जातो! एवढं करून स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे अजून स्वस्त दिसलं की जातं. आणि नंतर रेट वाढवायला गेलात की तेच लोक म्हणणार तुम्ही बदललात.

तुम्हाला 100 नग कुणी देत नाहीये हीच तर तुमची ताकद आहे, मग स्वस्त का द्यायचं? सगळ्यांपेक्षा नगामागे महाग असणं इथे चालतं, लहान संख्येचेच पैसे घेताय तुम्ही. रेट काढताना आणखी एक घोळ बरेच जण करतात, खर्चावर 30 टक्के चढवले की 30 टक्के मार्जिन मिळालं असं समजतात. 100 खर्च, 130 ला विकलं, 130 तले 30 म्हणजे साधारण 23 टक्के झाले. आणि त्या खर्चात तुमचा पगार धरायचा. धंदा माझाच आहे, मला कशाला पगार, हे बोलायला छान वाटतं, पण मग उद्या कामाला माणूस ठेवायची वेळ आली की कळतं की रेटमध्ये त्याच्या पगाराला जागाच नाही.

आता जे मला खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं ते. नफा होतोय म्हणजे पैसे आहेत, हा गैरसमज. चांगले चालणारे, ऑर्डरींनी भरलेले धंदे यात आडवे होतात आणि मालकाला शेवटपर्यंत समजत नाही की झालं काय. तुमच्या क्षेत्रात उधारी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. धरा की दर महिन्याला 100 ची विक्री आहे, खर्च 80 आणि तो त्याच महिन्यात द्यावा लागतो, कागदवाला थांबत नाही, नवीन माणसाला तर नाहीच. गिऱ्हाईक पैसे देतं 60 दिवसांनी. पहिल्या महिन्यात 80 गेले, आले शून्य. दुसऱ्या महिन्यात आणखी 80, म्हणजे 160 चा खड्डा. तिसऱ्यापासून दर महिन्याला 100 येणार, 80 जाणार, खड्डा 20 ने भरणार, म्हणजे दहाव्या महिन्याच्या शेवटी तुम्ही शून्यावर. आणि हे सगळ्यांनी वेळेत पैसे दिले तर!

आता यात चांगली बातमी घालू, तिसऱ्या महिन्यापासून विक्री दुप्पट झाली. पेढे वाटाल तुम्ही. तर त्या महिन्यात खर्च 160, आले पहिल्या महिन्याचे 100, खड्डा 160 चा झाला 220. चौथ्यात परत 160 गेले, परत 100 आले, खड्डा 280. कागदावर तोवर चार महिन्यांत 120 नफा दिसतोय, अकाउंटवाला अभिनंदन करतोय, आणि बँकेत 280 कमी आहेत. धंदा वाढला म्हणून खड्डा वाढला. हेच ते खेळतं भांडवल, आणि लोनचे सगळे पैसे मशीनमध्ये घातले की यासाठी काही शिल्लकच राहत नाही, वर मशीनचा हप्ता पहिल्या महिन्यापासून मागे लागतो, त्याला उधारी कळत नाही.

सुदैवाने तुमचा माल असा आहे की अ‍ॅडव्हान्स मागायला लाजायचं कारण नाही. त्यावर गिऱ्हाईकाचं नाव छापलेलं असतं, त्याने नाही घेतलं तर तो दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही, मग निम्मे पैसे आधी आणि उरलेले माल सोडताना, असं सरळ सांगायचं. छोटे ब्रँडवाले हे मान्य करतात, उधारी मोठ्यांना लागते. आणि म्हणूनच कुणी मोठा कस्टमर आला आणि 90 दिवसांची उधारी मागायला लागला तर हुरळून जाऊ नका, तुमची निम्मी विक्री एकट्या त्याच्याकडे गेली की तो तुमचा कस्टमर राहत नाही, साहेब होतो. पुढच्या 13 आठवड्यांचा तक्ता करा, प्रत्येक आठवड्याला नक्की किती येणार आणि किती जाणार, अंदाज न वाढवता, दर सोमवारी तो पुढे सरकवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण लोगोपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. बँकेचं खातंही पहिल्या ऑर्डरीपासून वेगळं ठेवा, घरखर्चाचं आणि धंद्याचं एकत्र झालं की धंदा कमावतोय की तुम्ही त्याला पोसताय हेच कळत नाही.

कंपनी रजिस्टर केली की घर सुरक्षित, असंही तुमच्या मनात असेल. तत्त्व म्हणून बरोबर आहे, कंपनी म्हणजे मालकापेक्षा वेगळी व्यक्ती हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, 1897 मध्ये सॉलोमन नावाच्या एका चामडी बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात ठामपणे सांगितलं आणि त्याचा दाखला अजून देतात. पण नव्या, लहान कंपनीला लोन देताना बँका बहुतेक वेळा मालकाची स्वतःची जामीनकी मागतातच, आणि त्या कागदावर सही केलीत की लोनपुरतं ते संरक्षण गेलं. सही करताना कोणत्या कागदावर कोण म्हणून सही करताय हे वाचा. बाकी कुठल्या प्रकारची नोंदणी, कुठले कर, कुठले परवाने, हे तुमच्या तिथल्या कर सल्लागाराला विचारा, मी इथून सांगण्यात अर्थ नाही, फक्त कर म्हणून गिऱ्हाईकाकडून घेतलेले पैसे आपले नसतात एवढं लक्षात असू द्या, ते वेगळे काढून ठेवायचे.

मैत्रीण. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ती पैसे घालणार, तुम्ही काम करणार, अर्धं-अर्धं, हे आज फार न्याय्य वाटतंय कारण आज पैसेही आलेले नाहीत आणि कामही सुरू नाही. दोन वर्षांनी तुम्ही रोज रात्री दहाला घरी येत असाल आणि ती तिच्या नोकरीत सुखाने असेल, तेव्हा तुम्हाला वाटणार की मी राबतेय आणि अर्धा तिचा, आणि तिला वाटणार की माझे पैसे अडकलेत आणि मला कुणी विचारत नाही. दोघी बरोबर असणार, भांडण त्यामुळेच जास्त चिघळतं. शिवाय 50-50 मध्ये मतभेद झाला की निर्णयच होत नाही, दोघींपैकी कुणाचा शब्द शेवटचा हे लिहिलेलंच नसतं.

तेव्हा आधी हे ठरवा की तिचे पैसे कर्ज आहेत की हिस्सा. कर्ज असेल तर व्याज किती, कधीपासून फेडायचं ते लिहा, आणि धंदा बुडाला तरी ते फेडायचं असतं हे दोघींना माहीत हवं. हिस्सा असेल तर बुडाल्यावर परत मिळणार नाही हेही तिने समजून-उमजून मान्य करायला हवं, डोळ्यात डोळे घालून. आणि काम करून जो हिस्सा मिळवायचा तो हळूहळू मिळवायचा, तंत्रज्ञानवाल्या कंपन्यांमध्ये ही पद्धत रूढ आहे, साधारण चार वर्षांत पूर्ण हिस्सा आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. हे तुम्हालाही लागू, तुम्ही सहा महिन्यांत कंटाळून नोकरीवर परत गेलात तर अर्धा धंदा तुमच्या नावावर का राहावा? कुणी आजारी पडलं, कुणाला बाहेर पडायचं असेल, तिच्या नवऱ्याला उद्या पैसे परत हवे झाले, तर हिस्सा कोण घेणार आणि किंमत कशी काढणार, हे सगळं आत्ता, गोडीत असताना लिहून काढा. लिहायचं म्हटल्यावर ती नाराज झाली तर उत्तर फुकटात मिळालं.

स्वतःचा धंदा म्हणजे आपण आपले साहेब, मनात येईल तेव्हा सुट्टी, याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये म्हणून मीही बोलत नाही, सेल्समध्ये 14 वर्षं काढलेल्या बाईला गिऱ्हाईक म्हणजे काय हे माहीत असतंच.

मग राजीनामा कधी? मला विचाराल तर तारखेवर ठरवू नका. ओळखीचे नसलेले, तुमच्यावर उपकार म्हणून न घेणारे असे दहा-बारा कस्टमर झालेत, त्यातले तीन-चार स्वतःहून दुसऱ्यांदा आलेत, अ‍ॅडव्हान्स दिलाय, आणि तुमचे तास पगाराच्या हिशेबाने धरूनही प्रत्येक ऑर्डरीत काहीतरी उरतंय, असं झालं की दार उघडं आहे. दुसऱ्यांदा येणं माझ्या लेखी सगळ्यात मोठं, पहिली ऑर्डर कौतुकाने, कुतूहलाने कशानेही येते. त्याशिवाय घरखर्च धंद्याला हात न लावता निदान आठ-दहा महिने चालेल एवढी शिल्लक हवी, ती किती हे यजमानांबरोबर बसून काढा, त्यांना आकडा दिसला की त्यांचा विरोधही जरा मवाळ होईल. आणि उलटंही ठरवून ठेवा, की इतके पैसे आणि इतके महिने घालून हे झालं नाही तर थांबायचं. ती रेघ आत्ता ओढा, पाण्यात उतरल्यावर ती ओढवत नाही.

शेवटचं म्हणजे सोडताना साहेबांशी वाकडं घेऊ नका. नोटिस पूर्ण करा, काम नीट हातावेगळं करा आणि काय करणार आहात ते खरं सांगा. त्यांना तसंही 200 बॉक्सवाल्यांना रोज नाही म्हणावं लागतंय, तर विचारून बघा की नाही म्हणायच्या ऐवजी तुमचा नंबर देतील का, आणि तुमच्याकडचा एखादा ब्रँड वाढून 5000 वर गेला की तुम्ही तो त्यांच्याकडे पाठवाल. हो म्हणाले तर ते लेखी मेलवर घ्या.